दाखवायचे दात, खायचे दात : दंतचिकित्सालयाच्या साधनखरेदीविषयी

(मंडळाच्या सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्ण महोत्सवी वर्षाचे चिरंतन स्मारक म्हणून आपल्या वास्तूच्या तळमजल्यावरील दोन खोल्यांत एक धर्मादाय दंतचिकित्सालय सुरू करावे, असा ठराव मागील सर्वसाधारण सभेत एकमताने संमत झाला. ठराव एकमताने झाला खरा. परंतु काय काय विकत घ्यावयाचे हा प्रश्न निघताच मतांची संख्या उपस्थितांच्या संख्येइतकी झाली, असे कार्यवाहांकडून समजले. कोणी दोन खुर्च्या मागितल्या, कोणी संपूर्ण जबड्याचे छायाचित्र घेणारे मोठे क्ष-किरण यंत्र सुचवले, तर कोणी दर्शनी भागास काचेचे तावदान असावे असा आग्रह धरला. निधी मात्र सर्वांच्या सूचनांना पुरेल इतका नाही. सबब, या विषयावर दोन शब्द सांगण्यासाठी मला पाचारण करण्यात आले आहे.

प्रारंभीच सांगितले पाहिजे की मी दंतवैद्य नव्हे. मी बी. ए. झालेला, केंद्र सरकारच्या सेवेतील एक अधिकारी. नोकरीची बहुतेक वर्षे मागणीपत्रे, निविदा, पुरवठा आदेश आणि त्यांवरील लेखापरीक्षकांचे आक्षेप यांच्या सहवासात गेली. त्यांत रुग्णालयांच्या उपकरणांची खरेदीही पुष्कळ होती. दात कसा भरावा हे मी सांगू शकणार नाही. दात भरण्याची साधने घेताना पैसा कोठे सार्थकी लागतो आणि कोठे वाया जातो, एवढेच सांगू शकेन.

आपल्याकडे म्हण आहे की हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे दात वेगळे. दंतचिकित्सालयालाही असे दोन प्रकारचे दात असतात. चकचकीत खुर्ची, भिंतीवरचा पडदा, निळ्या दिव्याचे कपाट हे दाखवायचे दात. वाफेचे निर्जंतुकीकरण यंत्र, कोरडी व स्वच्छ हवा देणारा कॉम्प्रेसर, शुद्ध पाणी आणि दुरुस्तीचा करार हे खायचे दात. उद्‌घाटनाच्या दिवशी पाहुणे पहिल्या प्रकारचे दात पाहतात. पुढची दहा वर्षे रुग्णाचे आरोग्य दुसऱ्या प्रकारच्या दातांवर अवलंबून राहते. निधी अपुरा असेल तेव्हा आधी खायचे दात घ्यावेत, दाखवायचे मागाहून पाहावेत, हेच माझ्या आजच्या भाषणाचे सार आहे.

आपण ज्या बंगालच्या भूमीवर पन्नास वर्षे नांदलो, तेथेच या विषयाची एक उद्‌बोधक कथा घडलेली आहे. डॉ. रफीउद्दीन अहमद हे अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातून दंतवैद्यकाची पदवी घेऊन परतले आणि १९२० साली त्यांनी कलकत्त्यात भारतातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय स्थापन केले. त्यासाठी लागणारा पैसा त्यांनी ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ या आपल्या आइस्क्रीमच्या दुकानातून उभा केला. दात किडवणाऱ्या गोडाच्या कमाईतून दात वाचवणारे वैद्य घडावेत, यातला विनोद क्षणभर बाजूस ठेवू. मला त्यात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. संस्था एकदाच्या देणगीवर तगत नाही. तिला अखंड वाहणारा झरा लागतो, हे त्या द्रष्ट्या पुरुषाने पहिल्याच दिवशी ओळखले होते. १९४९ साली त्यांनी ते महाविद्यालय पश्चिम बंगाल सरकारच्या स्वाधीन केले. पुढे १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. आज ते महाविद्यालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. आपल्या मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ साली निघाले, तेव्हा कलकत्त्याचा हा प्रयोग तेरा वर्षांचा झाला होता.

आता मूळ विषयाकडे वळतो.

खरेदीचे पहिले पाऊल बाजारात पडता कामा नये. ते आपल्याच घरात पडले पाहिजे. येथे कोण येणार, दिवसाला किती येणार, आणि कोणते उपचार होणार, हे आधी कागदावर लिहावे. आपल्याकडे निवृत्त होऊन येथेच स्थायिक झालेले वृद्ध सभासद आहेत, आपल्या वसाहतीतील मुले आहेत, आणि भोवतालच्या वस्तीतील बंगाली, बिहारी, ओडिया श्रमजीवी कुटुंबे आहेत. या सर्वांना दार खुले असावे, असाच आपल्या ठरावाचा आशय आहे.

आपल्या वृद्ध मंडळींविषयी मात्र थोडे अधिक सांगतो. एखाद्या आजी येथे चाळीस वर्षे राहिल्या, बाजारहाटापुरती बंगाली शिकल्या; परंतु दुखण्याची भाषा माहेरचीच राहते. दाढ ठणकते, दात शिवशिवतो, चिंच खाल्ल्याने दात आंबले, हिरडी हुळहुळते, कळ कानापर्यंत जाते. या प्रत्येक शब्दाचा अर्थ निराळा आहे. थंड पाण्याने क्षणभर शिवशिवणारा दात आणि रात्री आपोआप ठणकून झोप उडवणारी दाढ यांत वैद्याच्या दृष्टीने मोठा फरक असतो. पहिल्यास कदाचित भरणे पुरेल, दुसऱ्यात दाताच्या आतील नसेपर्यंत विकार गेल्याचा संशय येतो. परक्या भाषेत या दोन्हींसाठी आजी एकच शब्द वापरतात : ‘ब्यथा’. आपल्या चिकित्सालयात त्यांचे म्हणणे मराठीतून ऐकून वैद्यांना समजावून सांगणारी एखादी सेवाभावी व्यक्ती रोज बसली, तर ते कोणत्याही दरपत्रकात न सापडणारे साधन ठरेल, आणि त्याला पैसाही लागणार नाही.

दुसरे पाऊल वैद्य निश्चित करण्याचे. खुर्ची आधी आणि डॉक्टर नंतर, हा क्रम मी अनेक ठिकाणी पाहिला आहे, आणि तो उफराटा आहे. साधन हाताळणाऱ्याच्या हाताला सोयीचे असावे लागते. वैद्य डावखुरे असतील तर हत्यारांचा ताटवा आणि पिकदाणी दुसऱ्या बाजूला लागतात. काही खुर्च्यांत ही अदलाबदल करता येते, काहींत येत नाही. वैद्य उभे राहून काम करतात की स्टुलावर बसून, सोबत मदतनीस असतो की नसतो, यावरही खुर्चीची निवड अवलंबून असते. म्हणून जे दंतवैद्य येथे नियमाने बसणार, त्यांची सही तांत्रिक तपशिलावर असल्याखेरीज एकही दरपत्रक मागवू नये.

तिसरे पाऊल जागेचे. दंतवैद्यकाची खुर्ची हे टेबलासारखे हवे तेथे सरकवावे असे सामान नव्हे. तिच्या पायथ्याशी जमिनीखालून पाण्याची नळी, सांडपाण्याची नळी, दाबाच्या हवेची नळी आणि विजेची तार आणावी लागते. फरशी बसवून झाल्यावर खुर्ची आली, तर नवी फरशी फोडण्याचा प्रसंग येतो. पुरवठादाराकडून जागेचा नकाशा आधी मागवावा, नळकाम त्याप्रमाणे करून घ्यावे आणि मगच माल पाठवण्याची तारीख द्यावी.

आता साधनांचा क्रम पाहू.

माझ्या यादीत पहिल्या क्रमांकावर खुर्ची नाही, ऑटोक्लेव्ह आहे. पहिल्या रुग्णाच्या रक्ताने व लाळेने माखलेले हत्यार दुसऱ्याच्या तोंडात जाण्यापूर्वी पूर्ण निर्जंतुक झाले पाहिजे. अन्यथा कावीळ ‘बी’ व ‘सी’ यांसारखे रोग आपणच वाटल्यासारखे होईल. दुखणे घेऊन आलेल्याला दुसरे दुखणे देऊन पाठवणे याला धर्मादाय म्हणता येत नाही. हत्यारे पाण्यात उकळणे पुरेसे आहे असे अनेकांना वाटते. परंतु साधे उकळते पाणी शंभर अंशांपलीकडे जात नाही, आणि काही जंतूंचे बीजाणू त्यात टिकून राहतात. दाबाखालील वाफ १२१ अंशांवर किमान १५ मिनिटे किंवा १३४ अंशांवर किमान ३ मिनिटे लागते. हा काळ ते तापमान गाठल्यानंतरचा आहे. तापणे, हवा काढणे आणि वाळवणे धरून एक फेरी पाऊण तास ते तासभर चालते.

यातही एक मेख आहे. युरोपीय मानकात लहान ऑटोक्लेव्हचे ‘एन’, ‘एस’ आणि ‘बी’ असे वर्ग केलेले आहेत. साध्या ‘एन’ वर्गाच्या यंत्रात हवा वाफेनेच ढकलली जाते. उघड्या, भरीव हत्यारांना ते चालते. परंतु दात कोरणारे हँडपीस आतून पोकळ असते. त्याच्या पोकळीत आणि गुंडाळलेल्या पाकिटात अडकलेली हवा वाफेला आत शिरू देत नाही. ‘बी’ वर्गाचे यंत्र आधी पंपाने निर्वात करते आणि मग वाफ सोडते. त्याची किंमत अधिक असते; तरी आपल्या निधीतील पहिला रुपया येथेच पडावा असे माझे मत आहे. त्यासोबत ऊर्ध्वपातित पाण्याची सोय, पाकिटे सीलबंद करण्याचे यंत्र, रंग बदलणाऱ्या दर्शक पट्ट्या आणि आठवड्यातून एकदा करावयाची बीजाणू चाचणी यांचाही खर्च धरावा. पट्टीचा रंग बदलला म्हणजे पाकीट तापले एवढेच कळते. जंतू खरोखर मेले की नाही हे बीजाणू चाचणीच सांगते.

विक्रेते निळ्या-जांभळ्या प्रकाशाचे एक सुंदर कपाट दाखवतील. अतिनील किरणांचे हे कपाट निर्जंतुक केलेली हत्यारे ठेवण्यापुरते ठीक. ते निर्जंतुकीकरणाची जागा घेऊ शकत नाही, कारण किरण जेथवर सरळ पोहोचतात तेवढाच भाग त्यांच्या प्रभावाखाली येतो. हत्तीच्या दाखवायच्या दाताचे याहून नेमके उदाहरण मला ठाऊक नाही.

यातूनच हत्यारांची संख्या ठरते. समजा, सायंकाळच्या तीन तासांत १२ रुग्ण पाहावयाचे आहेत. प्रत्येकास आरसा, प्रोब आणि चिमटा यांचा स्वतंत्र संच लागतो. राखीव धरून किमान १५ संच हवेत. त्यांपैकी सहा रुग्णांचे दात कोरावयाचे असतील, आणि धुणे, ऑटोक्लेव्हची फेरी व थंड होणे यात तासाहून अधिक वेळ जात असेल, तर एक-दोन हँडपीसवर भागणार नाही. किमान चार लागतील. दोन हँडपीस असलेल्या ठिकाणी काय घडते? रांग वाढते, घाई होते आणि हँडपीस केवळ फडक्याने पुसून पुढच्याच्या तोंडात जाते. वैद्य निष्काळजी असतो म्हणून हे घडते असे नाही. खरेदी करणाऱ्याने गणित केलेले नसते म्हणून घडते.

दुसऱ्या क्रमांकावर हवा आणि पाणी. हवेच्या झोतावर फिरणारे अतिवेगवान हँडपीस १९५७ साली ‘एअरोटर’ या नावाने बाजारात आले. आपले दंतवैद्य आजही त्यास त्याच नावाने ओळखतात. मिनिटाला तीन ते चार लाख फेरे घेणारे हे नाजूक यंत्र कॉम्प्रेसरच्या हवेवर चालते. हा कॉम्प्रेसर तेलविरहित असावा. तेलाचे सूक्ष्म कण हवेत मिसळले तर दातावर भरणाचे साहित्य नीट चिकटत नाही, आणि ते कण रुग्णाच्या तोंडातही जातात. बंगालच्या दमट हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचते. ते रोज संध्याकाळी काढून टाकावे लागते. नाहीतर ओल्या हवेने हँडपीसचे बेअरिंग अकाली झिजते. कॉम्प्रेसर दोन अश्वशक्तीचा की एक, याची चर्चा आपण तासभर करू. परंतु टाकीचा नळ रोज कोण उघडणार, हे ठरवायला विसरू.

पाण्याविषयी सांगायचे तर, खुर्चीच्या बारीक नळ्यांत पाणी रात्रभर साचून राहिले की आतल्या भिंतीवर जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. म्हणून खुर्चीला नगरपालिकेच्या नळाऐवजी स्वतंत्र बाटलीतून शुद्ध पाणी देण्याची सोय असावी, सकाळी दोन मिनिटे व प्रत्येक रुग्णानंतर अर्धा मिनिट पाणी सोडून द्यावे. यंत्र थांबताच रुग्णाच्या तोंडातील द्रव नळीत उलटा ओढला जाऊ नये, अशी झडप खुर्चीत आहे की नाही, हे दरपत्रकात स्पष्ट विचारावे.

तिसरा क्रमांक खुर्चीचा. ती एकच असावी, पण चांगली असावी. दरपत्रके पाहताना येथे सर्वाधिक फसगत होते. एकाने खुर्चीच्या किमतीत दिवा, स्टूल, शोषणयंत्र, स्केलर आणि भरण पक्के करणारा निळा दिवा धरलेला असतो. दुसऱ्याने नुसती खुर्ची. कागदावर दुसरा स्वस्त दिसतो. तुलना करताना प्रत्येकाकडून एकाच यादीवर भाव भरून घ्यावा आणि वस्तू व सेवा कर, वाहतूक, बसवणी हे सारे त्यात धरावे.

चौथा क्रमांक क्ष-किरण यंत्राचा. राँटगेन यांनी १८९५ च्या अखेरीस क्ष-किरण शोधले आणि काही आठवड्यांतच जर्मनीत वाल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचे छायाचित्र घेतले. त्यासाठी त्यांना २५ मिनिटे स्थिर राहावे लागले होते. आज सेकंदाच्या अंशात काम होते. हे यंत्र चैनीचे नव्हे, कारण दाताचे मूळ हाडात असते आणि डोळ्यांना दिसत नाही. मुळापर्यंतचा उपचार करावयाचा असेल तर ते अपरिहार्य आहे. परंतु ते घेण्यापूर्वी अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम पाळावे लागतात. १९८३ साली स्थापन झालेल्या या मंडळाचे मुख्यालय आपल्या मुंबईतच आहे. यंत्राचा नमुना मंडळाने मान्य केलेला असावा आणि वापराची अनुमती मंडळाच्या संगणकीय प्रणालीतून घ्यावी. एक्स्पोजरची कळ दाबणाऱ्याला सुरक्षित अंतरावर उभे राहता येईल अशी खोलीची रचना हवी. संपूर्ण जबड्याचे मोठे यंत्र मात्र आपल्याला नको. ज्या थोड्या रुग्णांना ते लागेल, त्यांना बाहेर पाठवून त्यांचा खर्च मंडळाने उचलला, तरी ते स्वस्त पडेल.

आणि दुसरी खुर्ची? पहिली खुर्ची सलग एक वर्ष भरून चालली, तर त्या वेळी विचार करावा. परप्रांतातील एका धर्मादाय दवाखान्यात, ज्याचे नाव घेणे उचित नव्हे, मी दोन खुर्च्या शेजारी शेजारी पाहिल्या. एक बंद पडलेली. दुसरी तिचे सुटे भाग काढून चालवलेली. खुर्च्या दोन; उपचार मात्र एकावरच. दोहोंवर देणगीदारांच्या नावाच्या पाट्या तेवढ्या ठळक होत्या.

आता किमतीविषयी. प्रत्यक्ष भाव मी सांगत नाही. ते दरपत्रकांतून कळतील. पण हिशेबाची रीत सांगतो, आणि त्यासाठी कल्पित आकडे घेतो. एका यंत्राची किंमत २,४०,००० रुपये व वार्षिक देखभाल ४०,००० रुपये. दुसऱ्याची किंमत ३,२०,००० व देखभाल २०,०००. खरेदीच्या दिवशी पहिले ८०,००० रुपयांनी स्वस्त. दहा वर्षांचा हिशेब केला, तर पहिल्यास ६,४०,००० आणि दुसऱ्यास ५,२०,००० लागतात. म्हणजे स्वस्त यंत्र १,२०,००० रुपयांनी महाग पडले. सरकारी खरेदीत सर्वांत कमी दराचा पुरवठादार निवडण्याचा प्रघात आहे, आणि त्याची थट्टा होते. परंतु देखभालीचा दर मूळ निविदेतच मागून दोहोंची बेरीज तुलनेला घेतली, तर तोच नियम आपले हित राखतो. खरेदी झाल्यावर देखभालीचा भाव विचारणे म्हणजे मुलीचे लग्न लावून मग वराची चौकशी करणे होय.

देखभालीचे करारही दोन प्रकारचे असतात. एकात कारागीर येतो, सुट्या भागांचे पैसे निराळे. दुसऱ्यात सुटे भागही अंतर्भूत असतात. आपल्यासारख्या संस्थेने दुसराच घ्यावा. तक्रारीनंतर किती तासांत माणूस येणार, तो याच शहरातून येणार की कोलकात्याहून, यंत्र बंद राहिल्यास दिवसाला किती रक्कम कापली जाणार, हे करारात लिहून घ्यावे. सगळे पैसे आगाऊ देऊ नयेत. माल मिळाल्यावर काही भाग, यंत्र बसवून, चालवून दाखवून आणि वैद्यांनी समाधानाची सही केल्यावर उर्वरित भाग, आणि हमीच्या काळापर्यंत बँकेची हमी, अशी विभागणी असावी. खोकी उघडताना समितीचे दोघे उपस्थित असावेत आणि यंत्रावरील क्रमांक बीजकाशी ताडून पाहावा.

कायद्याची बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ साली झाले. त्यांनुसार कमी जोखमीच्या उपकरणांना ऑक्टोबर २०२२ पासून आणि अधिक जोखमीच्या उपकरणांना ऑक्टोबर २०२३ पासून परवाना पद्धत लागू झाली. काही अगदी साधी साधने नोंदणीवर चालतात. उत्पादकाचा किंवा आयातदाराचा क्रमांक वेष्टनावर पाहून घ्यावा. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आपल्यालाही लागू आहेत : काढलेले दात पिवळ्या पिशवीत, हातमोजे व नळ्या लाल पिशवीत, सुया न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात. या राज्यात चिकित्सालयांच्या नोंदणीचा २०१७ चा कायदाही आहे. हे डबे, सुई कापण्याचे यंत्र आणि परवान्यांचे शुल्क यांना खरेदीच्या यादीत स्थान दिले नाही, तर ती यादी अपुरी राहते.

आता एक नाजूक विषय. आपले काही सभासद आणि हितचिंतक जुनी खुर्ची वा यंत्र भेट देण्यास उत्सुक आहेत. त्यांची भावना वंदनीय आहे. आपल्याकडे म्हणतात, ‘धर्माची गाय आणि दात का नाय’. फुकट मिळालेल्या गायीचे दात तपासू नयेत, हा शिष्टाचार झाला. परंतु दुसऱ्याचे दात तपासण्यासाठीच जी गाय आणायची, तिचे दात तपासलेच पाहिजेत! ज्या यंत्राचे सुटे भाग मिळत नाहीत, ज्याचा उत्पादक ते दुरुस्त करण्यास तयार नाही, ते नम्रतेने नाकारावे. शिवाय आयकरात वजावट रोख रकमेच्या वा धनादेशाच्या देणगीवर मिळते, वस्तूवर नाही, आणि नोटांच्या रूपात दिलेली रक्कम २,००० रुपयांपेक्षा अधिक असेल तर तिच्यावरही नाही. तेव्हा यंत्राऐवजी धनादेश द्यावा, अशी विनंती आपण कोणताही संकोच न बाळगता करू शकतो.

पाट्यांविषयीही एक सूचना. देणगीदाराचे नाव खुर्चीवर लागावे ही इच्छा स्वाभाविक आहे, कारण खुर्ची दिसते. ऑटोक्लेव्ह मागच्या खोलीत असतो, आणि दुरुस्ती निधी तर दिसतच नाही. आपण क्रम बदलू या. पहिली पाटी निर्जंतुकीकरणाच्या खोलीच्या दारावर लावावी आणि प्रत्येक वर्षाच्या देखभालीच्या दात्याचे नाव दर्शनी फलकावर लिहावे. जो खर्च दिसत नाही त्याला मान मिळू लागला, तर त्याला दातेही मिळू लागतील.

तात्पर्य, समितीपुढे माझी शिफारस अशी. हाती असलेल्या निधीपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक रक्कम पहिल्या वर्षी खर्च करू नये. उरलेली देखभाल, साहित्य आणि बदली यंत्रासाठी मुदत ठेवीत ठेवावी. खरेदी ऑटोक्लेव्ह, हवा व पाणी, एक खुर्ची, पुरेशी हत्यारे आणि त्यानंतर क्ष-किरण यंत्र या क्रमाने व्हावी. ज्यांना परवडते त्यांच्याकडून माफक शुल्क घ्यावे, ज्यांना परवडत नाही त्यांच्याकडून काहीच घेऊ नये; पण बीजाणू चाचणीची नोंदवही प्रत्येकाला पाहता येईल अशी प्रतीक्षागृहात टांगलेली असावी. श्रीमंत रुग्णास आणि हातगाडी ओढणाऱ्यास एकाच प्रकारे निर्जंतुक केलेले हत्यार मिळते, हे त्या वहीवरून कळेल.

आपल्या पूर्वसूरींनी या परमुलुखात मंडळ उभारले तेव्हा आधी सभागृह बांधले नाही. आधी एका कपाटाचे ग्रंथालय केले, गणेशोत्सवासाठी वर्गणीची वही केली, आणि वास्तू पुष्कळ नंतर झाली. त्या वहीत चार-चार आण्यांचाही हिशेब आहे, हे ज्येष्ठांपैकी अनेकांना आठवत असेल. लोकांनी विश्वासाने दिलेला पैसा कसा खर्चावा, याचे शिक्षण त्या वहीने आपल्याला दिलेले आहे. दंतचिकित्सालयाच्या खरेदीतही तीच शिस्त पाळली जाईल, अशी मला खात्री वाटते.